पायाळूचा मुरगळलेला पाय

कापूस फुटला की पिपरीच्या रस्त्यानं टेम्पो सुरू होतात. वर जाळी बांधलेली असते, तरी पुंजके सुटतातच आणि दोन्ही कडेच्या बाभळींना अडकून बसतात. मागच्या आठवड्यात सकाळी फिरायला निघालो होतो. चालताना खाली बघावं हे मला शाळेपासून माहीत आहे, पण त्या दिवशी मी वर, त्या पुंजक्यांकडे बघत होतो. डावा पाय खळग्यात गेला, घोटा आत वळला आणि मी एका ऑटोसमोर असा बसलो, की ऑटोवाल्यानं शांतपणे विचारलं, "आजोबा, कुठं जाचं आहे?"

दवाखान्यातली मुलगी माझ्या नातीच्या वयाची. तिनं घोटा चहूबाजूंनी दाबून पाहिला, हाड शाबूत आहे म्हणाली, आणि मग सांगायला लागली. दोन दिवस थंड शेक. पट्टी. बसताना पाय उशीवर, कमरेच्या वर. घाई नाही. सूज उतरली की पायाच्या अंगठ्यानं हवेत ए टू झेड काढायचं, रोज दोनदा.

मी विचारलं, "क ते ज्ञ चालेल का?"

ती हसली आणि चालेल म्हणाली. तिला वाटलं म्हातारा गंमत करतोय. पण मी ही सगळी यादी आधी एकदा ऐकली होती, याच क्रमानं, याच पायासाठी. तेव्हा मी सिंदीच्या शाळेत मॅट्रिकला होतो आणि ती सांगणाऱ्या माणसाच्या गळ्यात शिट्टी होती.

ते आमचे ड्रिलमास्तर ठोंबरे सर. बुटके, काळेसावळे, पोटऱ्या दगडासारख्या. लढाईच्या काळात फौजेत जखमींना पट्ट्या बांधायच्या कामावर होते. तिथून येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या, एक शिट्टी आणि एक लवचीक खाकी पट्टी. शाळेत कुणाचंही काहीही दुखलं तरी ती एकच पट्टी त्याला बांधली जाई. डोकं दुखलं तरीसुद्धा.

तो दीक्षेनंतरचा पहिला हिवाळा. दसऱ्याला बा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. आल्याबरोबर त्यानं भिंतीतल्या देवळीतले देव काढले, घर सारवायला सांगितलं आणि म्हणाला, आजपासून जे डोक्याला पटंल तेवढंच मानायचं. बा जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या गिरणीत, हमाल होता. कापसाच्या गाठी पाठीवर घेऊन फळीवरून चढायचा. त्याचं बोलणंही तसंच, एका वेळी एकच, पण जड.

मायची अडचण वेगळी होती. तिची अडचण मी होतो.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय आलेला. आमच्याकडे असा समज, की कुणाच्या पाठीत उसण भरली, कंबर धरली, तर पायाळू माणसानं सकाळी उपाशीपोटी त्या जागी डाव्या पायानं तीनदा हलकी लाथ मारायची. उसण निघून जाते. मी पाच वर्षांचा असल्यापासून लाथा मारत होतो. आणि सिंदी कापसाचं गाव. हंगामात दिवसभर वाकून वेचणाऱ्या बाया, गाठोडी उचलणारे गडी, गाड्या भरणारे, वजनं करणारे. कार्तिकापासून महाशिवरात्रीपर्यंत अख्ख्या गावाची कंबर धरलेली असे. पायाळू मात्र एकच, आणि तो रुळाच्या पलीकडे, आमच्या वस्तीत.

त्यामुळे एरवी जे लोक आमच्या सावलीपासून धोतर सावरत, ते हंगामात उजाडायच्या आत आमच्या अंगणात पालथे पडलेले असत. सर्वांत मोठी पाठ गुलाबरावांची. गुलाबराव अडत्या. जिनात हंगामी हमाल कुणाला ठेवायचं हे त्यांच्या शब्दावर ठरे. त्यांच्या ओट्यावर बा कधी बसला नव्हता, उभा मात्र पुष्कळदा राहिला होता. हे गुलाबराव डोक्यावरून शाल घेऊन येत, कुणी पाहिलं तर नाही ना बघत, आणि धप्पकन मातीत पालथे पडत. मी तीनदा पाय लावी. ते उठत, मायच्या पुढं गुळाचा खडा ठेवत आणि घरी जाऊन आंघोळ करत. शेजारीण एकदा रागानं म्हणाली, तुह्या पोराचा पाय लागला म्हून आंघोळ करते तो. माय म्हणाली, "सकाळी आंघोळ कराले काही तरी कारण लागतेच ना बाई. काहीले तेही सापडत नाई."

बानं दीक्षेनंतर सांगून टाकलं, "आता हे बंद. आपण मानत नाई."

माय म्हणाली, "आपण नाई मानत. ते मानते ना."

या वादाचा निकाल लागला नव्हता, एवढ्यात ठोंबरे सरांनी मला धावताना पाहिलं.

खरं तर मी धावत नव्हतो, शाळेला उशीर झाला म्हणून पळत होतो. सरांना तो फरक पटला नाही. जानेवारीत वर्ध्याला जिल्ह्यातल्या शाळांचे सामने होते, त्यात एक मैलाची शर्यत. सर म्हणाले, तू जायचं. छातीवर शाळेचं नाव शिवलेलं बनियन मिळणार होतं. आमच्या वस्तीतल्या कुणाच्याही छातीवर तोवर कुठलंच नाव नव्हतं. मायनं ते बनियन यायच्या आधीच त्यासाठी पेटीत जागा केली.

रोज सकाळी मी रुळाच्या कडेनं निघून गाडीवाटेनं परत येई. अनवाणी. पहिल्या आठवड्यात तळव्याला फोड आले. दुसऱ्यात बाभळीचा काटा टाचेत मोडला. काटा काढून त्या जागी मावशीनं गरम बिब्ब्याचा चटका दिला. हा आमच्याकडचा हुकमी इलाज. काटा बरा झाला. बिब्बा उतला, टाच भाकरीसारखी फुगली आणि बिब्ब्यासाठी पुन्हा खोबरेल लावावं लागलं. तिसऱ्यात नडग्या दुखायला लागल्या. सर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. सरांना पुष्कळ गोष्टी चांगलं लक्षण वाटत.

चौथ्या आठवड्यात मात्र गाडीवाटेच्या चाकोरीनं घात केला. पावसाळ्यात चिखलात उमटलेल्या चाकोऱ्या हिवाळ्यात वाळून दगडाच्या होतात. पाय एका चाकोरीच्या काठावर पडला, वळला, आणि घोट्यात काहीतरी फाटल्यासारखा आवाज माझ्याच कानांना ऐकू आला. घोटा बघता बघता कवठाएवढा झाला. शर्यतीला चार आठवडे उरले होते.

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. लोकांनी फार हळहळ व्यक्त केली. शर्यतीबद्दल नव्हे, शर्यत बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हती. वेचणी ऐन रंगात होती आणि पायाळूचा पाय मुरगळला होता. आमच्या अंगणात माणसं येऊन बसली. पायाळूचा पाय कोण बरा करणार, हा पहिला प्रश्न. पायाळूनं स्वतःला लाथ मारली तर चालतं का, हा दुसरा. एकानं बसल्या जागी करून पाहिलं आणि स्वतःच उसण भरून घेतली. शेवटी कुणीतरी तोडगा काढला, की उजव्या पायानं मारू द्या. यावर गावात दोन तट पडले. गुण त्या पायात, जो आधी बाहेर आला. मग आधी कोणता आला? सगळ्यांनी मायकडे पाहिलं.

माय भाकरी थापत होती. ती म्हणाली, "बापा, मले त्या टायमाले पाहाची सवड होती का?"

ठोंबरे सर संध्याकाळी आले. त्यांनी आंबेहळदीचा लेप धुऊन टाकला, विहिरीच्या गार पाण्यात फडकं भिजवून घोट्यावर ठेवलं आणि खाकी पट्टी बांधली. पाय धान्याच्या पोत्यावर चढवून मला खाली सतरंजीवर निजवलं. मग बाच्याकडे वळून म्हणाले, "पाय म्हणजे बैल आहे. लंगडला तर चाबूक मारता का जुवाखालून काढता?"

बा म्हणाला, "काढतो."

"मग तीन आठवडे जुवाखालून काढा. धावणं नाही. आणि ते दुसरं, तेही नाही."

दुसरं म्हणजे लाथा. बाचा चेहरा उजळला. दीक्षेनंतर पहिल्यांदाच मायच्या विरुद्ध त्याला शाळेचा पाठिंबा मिळाला होता.

मी आठ दिवस फार शहाण्यासारखा वागलो. नवव्या दिवशी गिरजाबाई आली. ती आमच्याच वस्तीतली, रोजानं कापूस वेचणारी. तिची कंबर अशी धरली होती, की ती वाकलेलीच आली आणि वाकलेलीच उभी राहिली. माझ्याशी बोलायला तिला मान तिरपी करावी लागली. एक दिवस बुडाला की एका दिवसाची चूल बुडाली, हे मला कुणी सांगायला नको होतं. माय पाण्याला गेली होती, बा जिनात. मी पट्टी सोडली आणि दुखऱ्या पायानं तिला तीन लाथा मारल्या. तिसऱ्या लाथेला गिरजाबाई ताठ झाली आणि मी खाली बसलो. ती मला आशीर्वाद देत शेताकडे गेली. मला माझ्या जागेवरून उठायला माय परत यावी लागली.

सूज पहिल्याहून मोठी. सर नुसती शिट्टी हातात फिरवत राहिले. मी म्हणालो, सर, ती उभी राहिली. सर म्हणाले, "तिला तू उभं केलंस. तुला कोण करणार?" आणि थोड्या वेळानं, "चांगला आहेस रे. पण चांगुलपणा उजव्या पायानं कर."

मग सुरू झाली बाराखडी. अंगणातल्या ओट्यावर बसून पाय लोंबकळत सोडायचा आणि अंगठ्यानं हवेत अक्षरं काढायची. घोट्याला गोल अक्षरं आवडतात. ठ, ट, ढ ही त्याच्या प्रेमातली. क जरा कुरकुरतो. झ आणि क्ष दुखतात. ज्ञ मात्र निघेचना. शेवटच्या वळणाला कळ थेट गुडघ्यापर्यंत यायची. सर म्हणाले, ज्या दिवशी ज्ञ न दुखता निघेल त्या दिवशी धावायला लाग. वस्तीतले लोक कामावर जाता जाता विचारू लागले, "काय बे किसन, कुठवरी आला?" मी म्हणे, "ह पर्यंत." ते मान डोलवत. त्यांतल्या बऱ्याच जणांना ह कुठं असतो हे माहीत नव्हतं, पण पोरगा पुढं सरकतोय एवढं त्यांना कळत होतं.

अक्षरं संपली की मी इंग्रजी स्पेलिंगं काढी, भूमितीची प्रमेयं काढी. पुढे मॅट्रिकला मला गणितात जे गुण पडले, ते निम्मे डाव्या पायाचे आहेत. वर्ध्याला कॉलेजात गेलो, बी.ए. झालो, आमच्या घराण्यातला पहिला. पदवी घेताना फोटो काढला तो कमरेपर्यंतचाच आहे. फोटोत पाय नाहीत, ही चूक मला अजून डाचते.

शर्यतीला दहा दिवस असताना सकाळी गुलाबरावांचा दिवाणजी आला. मालकाची कंबर धरली, अंथरुणातून उठता येत नाही, म्हणून किसनला घरी बोलावलंय. बा नुकताच जिनात गेला होता. माय माझ्याकडे बघत राहिली. मी पट्टी घट्ट केली आणि लंगडत निघालो.

गुलाबरावांच्या ओट्याच्या पुढं काय आहे हे मी कधी पाहिलं नव्हतं. पुढं माजघर होतं आणि माजघरात जमिनीवर गादी, गादीवर गुलाबराव पालथे. रात्री तेल चोळल्यामुळे पाठ आरशासारखी चमकत होती. त्यांनी मान न वळवता म्हटलं, "आला? मार."

मी उभा राहिलो. या माणसाच्या एका शब्दावर बाचा हंगाम होता, ते मला माहीत होतं. त्या तेलकट पाठीवरून पाय एकदा घसरला की शर्यत संपली, हेही माहीत होतं.

मी म्हणालो, "मालक, मी नाई मारू शकत. पायानं अजून ज्ञ निघत नाई."

"काय निघत नाई?"

मी समजावून सांगितलं. मग ते म्हणाले, "उजव्यानं मार."

"त्यात गुण आहे का नाई, ते मायले आठवत नाई."

गुलाबरावांनी मोठ्या कष्टानं मान वळवली. डोळ्यांत राग होता, पण त्याहून जास्त नवल होतं. "सारं गाव मले नाई म्हणाले भेते," ते म्हणाले. "अन् तू मले लाथ माराले नाई म्हणून राह्यला?"

पळून जावंसं वाटलं, पण पळता येत नव्हतं. मग जे येत होतं ते केलं. सरांचं सगळं शास्त्र घडाघडा म्हणून टाकलं. उताणं निजायचं. गुडघ्यांखाली उशी. विटकर गरम करून, फडक्यात गुंडाळून शेकायचं. आठ दिवस काही उचलायचं नाही, कुणावर ओरडायचं नाही. शेवटचं सरांचं नव्हतं, माझं होतं. दाराआडून मालकीणबाई हळूच म्हणाल्या, "हे शेवटचं पुन्हा सांग रे बापू."

संध्याकाळी बाला मी सगळं सांगितलं. हंगामाचं काम गेलं असंच धरून चाललो होतो. बानं पागोटं काढलं, घाम पुसला.

"आत दारातून गेलता का मागून?"

"दारातून."

"अन् आला कुठून?"

"दारातूनच."

"मंग झालं," बा म्हणाला आणि जेवायला बसला. हात धुताना आणखी एक बोलला, "लाथ माराचीच असन त धावताना जमिनीले मार. पुढं तरी जाशीन."

काम गेलं नाही. गुलाबराव उताणे पडून राहिले, कारण दुसरं काही त्यांना करताच येत नव्हतं. सातव्या दिवशी काठी न घेता पेढीवर आले आणि सांगत सुटले, की पायाळू असावा तर असा, नुसतं नाई म्हणून उसण काढते. पुढचे काही दिवस लोक सकाळी अंगणात येऊन मला नाही म्हणायला सांगत. मी म्हणे. दोघे बरेही झाले.

आणि शर्यतीच्या तीन दिवस आधी, मी ओट्यावर बसलो असताना, ज्ञ निघाला. पूर्ण. वळणासकट. मी पुन्हा काढला, मग पुन्हा. मायला हाक मारून दाखवला. हवेत काढलेलं अक्षर, तेही न वाचता येणाऱ्या बाईला, तरी ती म्हणाली, "चांगला आहे."

वर्ध्याच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या चार फेऱ्या होत्या. बा त्या दिवशी जिनात गेला नाही. दोरीपाशी सरांच्या शेजारी तो उभा होता, आणि थोड्या अंतरावर, बाजारात कापूस घेऊन आलेले गुलाबराव. तिसऱ्या फेरीत घोट्यानं आठवण दिली. मी जमिनीला लाथा मारत राहिलो. सर काहीतरी शिट्टीतून सांगत होते. एकच आवाज स्पष्ट येत होता, गुलाबरावांचा, आणि तो इतरांपेक्षा वेगळा होता. सगळे म्हणत होते, पळ. ते म्हणत होते, "हळू! पाय पाह्य!"

मी तिसरा आलो. तिसऱ्याला कंपासपेटी होती. ती आजही आहे, आत माझी औषधं असतात.

परतीच्या पॅसेंजरला बाजाराची गर्दी. मला कशीबशी बाकावर जागा मिळाली. बा आणि सर उभे. घोटा पुन्हा गरम झाला होता. सर म्हणाले, पाय वर ठेव, कमरेच्या वर. वर ठेवायला जागा कुठं होती? समोरच्या बाकावर परीटघडीचं धोतर नेसून गुलाबराव बसले होते. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. डब्यात अर्धी सिंदी होती. मग त्यांनी आपल्या मांडीवर पिशवी ठेवली, पिशवीवर थाप मारली आणि म्हणाले, "ठेव."

मी हललो नाही. सरांनी एखादं सामान उचलावं तसा माझा पाय टाचेखाली धरून उचलला आणि तिथं ठेवून दिला. गुलाबरावांनी घोट्यावर हात ठेवला, सूज किती आहे ते बोटांनी चाचपलं. सकाळी अंधारात शाल ओढून जो पाय ते पाठीला लावून घेत, तो दुपारच्या उन्हात त्यांच्या मांडीवर होता. त्यांचं मन बदललं होतं, की अजून महिनाभर हंगाम बाकी होता, हे मला तेव्हा कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. दोन्ही असावं. माणसाची पाठही एकाच कारणानं दुखत नाही.

एका अनोळखी प्रवाशानं विचारलं, "शेठ, पोरगा तुमचा का?"

"पोरगा ह्यायचा आहे," गुलाबराव बाच्याकडे हात करून म्हणाले. "पाय गावाचा आहे."

बा खिडकीबाहेर बघत होता. मग त्यानं वाकून मला विचारलं, "दुखते का अजून?"

गाडी सेलू रोड सोडत होती. दोन्हीकडे वेचून राहिलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. मी म्हणालो, "हो बा, थोडंसं."

खरं म्हणजे ते दुखणं सेलू रोड यायच्या आधीच थांबलं होतं. पण सिंदी येईपर्यंत मी पाय काढला नाही.